मुंबईची हवा वाऱ्यावर

आमच्या शाळेच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिलें असतां ट्रॉम्बेची टेकडी दिसते, ही गोष्ट आम्ही शिक्षक दरवर्षीं नव्या विद्यार्थ्यांस मोठ्या हौसेनें दाखवीत असतों. गेल्या मार्गशीर्षांत एके दिवशीं सकाळीं प्रस्तुत लेखक इयत्ता सहावीचा वर्ग घेऊन गच्चीवर गेला. टेकडी, खाडी, दलदल हे शब्द फळ्यावर लिहून दाखविण्यापेक्षां त्या वस्तूच मुलांच्या दृष्टीस पडाव्या, एवढाच हेतु होता. पाहतों तों टेकडी जागेवर नाहीं! तिच्या ठिकाणीं एक मळकट, राखाडी पडदा लोंबत होता. "सर, टेकडी कोठें गेली?" एका मुलानें विचारलें. "धुकें पडलें आहे," लेखकानें उत्तर दिलें, आणि वर्ग खालीं उतरला. दुपारचा एक वाजला, ऊन कडक झालें, तरी तें धुकें उठलें नाहीं. तेव्हां आपण मुलांना भूगोलाच्या नांवाखालीं एक खोटी गोष्ट सांगितली, हें लेखकाच्या ध्यानांत आलें. तें धुकें नव्हतेंच; तो आपल्याच शहराचा धूर होता, ती आपल्याच रस्त्यांची धूळ होती.

त्याच महिन्यांत शाळेचे वार्षिक क्रीडासामने झाले. आदल्या वर्षीं चारशें मीटरच्या शर्यतींत पहिला आलेला एक विद्यार्थी यंदा दोनशें मीटरवरच थांबला, गुडघ्यांवर हात टेकून खालीं बसला आणि कोंडलेला श्वास सोडविण्यासाठीं धडपडूं लागला. त्याच्या आईनें पिशवींतून दम्याचा पंप काढून त्याच्या तोंडाशीं धरला. थोड्या वेळानें तो सांवरला. परंतु डॉक्टरांनीं त्यास बजावलें कीं, हिंवाळा संपेपर्यंत सकाळीं मैदानावर जाऊं नको. वाचकहो, या सल्ल्याचा क्षणभर विचार करा. आमच्या आजोबांच्या काळीं खोकला हटेना म्हणजे वैद्य सांगत, "मोकळ्या हवेंत हिंडा." जी हवा पिढ्यान् पिढ्या औषध म्हणून सांगितली गेली, तिचेंच आतां पथ्य पाळण्याची पाळी आली आहे.

या पालटाचें कारण शोधूं लागल्यास प्रथम आपल्या मनांतील एका जुन्या समजुतीशीं गांठ पडते. ती समजूत अशी कीं, मुंबई ही समुद्राच्या कुशींत वसलेली आहे. तेथें घाण हवा टिकणारच नाहीं. दिल्लीचें दुखणें दिल्लीला, मुंबईला वारा समर्थ आहे. एखाद्या गोष्टीची हयगय केली म्हणजे ती 'वाऱ्यावर सोडली' असें आपण म्हणतों. मुंबईनें आपली हवा अक्षरशः वाऱ्यावर सोडली आहे. या फुकटच्या झाडूवाल्याच्या भरंवशावर आपण धूर करीत गेलों, धूळ उडवीत गेलों, कचरा जाळीत गेलों. आणि हा झाडूवाला बारा महिने सारखाच कामावर येतो किंवा नाहीं, हें पाहण्याची तसदी आपण घेतली नाहीं.

वस्तुतः वाऱ्याचा हा व्यवहार शाळेच्या पुस्तकांतच दिलेला आहे. दिवसां जमीन समुद्रापेक्षां लवकर तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा भरण्यास समुद्रावरून वारा धांवून येतो. रात्रीं जमीन लवकर निवते व वारा उलट दिशेस, जमिनीवरून समुद्राकडे, वाहूं लागतो. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचे जोरदार वारे आणि मुसळधार पाऊस हे दोघे मिळून शहर धुवून काढतात. परंतु कार्तिक लागला कीं चित्र बदलतें. समुद्राचा वारा मंद होतो व उशिरां सुटतो. रात्रीं थंड झालेली हवा जमिनीलगत बसते, तिच्यावर उबदार हवेचा थर झांकणासारखा पडतो, आणि शहराचा धूर त्या झांकणाखालीं सकाळपर्यंत कोंडून राहतो. जो थोडा धूर रात्रींच्या वाऱ्यानें समुद्रावर जातो, त्यांतलाहि कांहीं भाग दिवसां समुद्राच्या वाऱ्याबरोबर परत घरीं येतो. तात्पर्य, वारा हा आपला उपकारकर्ता असेल, चाकर मात्र नव्हे. त्याच्या मर्जीवर एका महानगराच्या फुप्फुसांचा कारभार सोंपविणें हें शहाणपणाचें नाहीं.

आपण श्वासावाटे नेमकें काय घेतों, हेंहि समजून घेतलें पाहिजे. प्रौढ मनुष्य दिवसाकाठीं सुमारें १०,००० लिटर हवा आंत घेतो. मुलें लहान दिसतात खरीं, परंतु शरीराच्या वजनाच्या मानानें तीं मोठ्या माणसांपेक्षां अधिक हवा घेतात. शिवाय त्यांचीं फुप्फुसें अजून वाढत असतात. हवेंतील धूलिकणांपैकीं सर्वांत घातक ते, ज्यांचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केंसाची जाडी साधारणतः ५० ते ७० मायक्रोमीटर धरली, तर असे वीस-पंचवीस कण एका केंसाच्या रुंदींत ओळीनें बसतील. नाकांतील केंस व घशांतील ओलावा यांना ते दाद देत नाहींत. फुप्फुसांच्या अगदीं शेवटच्या कोषांपर्यंत ते जाऊन पोंचतात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तांतहि उतरतात. म्हणून हवेच्या दोषानें केवळ खोकला होतो असें नसून हृदयहि बिघडतें. एक घनमीटर हवेंत अशा कणांचें वर्षाचें सरासरी प्रमाण ४० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक नसावें, असा आपल्या देशाचा २००९ सालचा दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं हीच मर्यादा ५ वर आणली. म्हणजे आपण आपला दंडक उत्तम रीतीनें पाळला, तरी त्या संघटनेच्या मापानें आपली हवा आठपट वाईट असूं शकेल! जेथें परीक्षाच इतकी सोपी काढली आहे, तेथें उत्तीर्ण झाल्याचा आनंद कितपत मानावा, हें विद्यार्थ्यांनींच ठरवावें.

क्रीडासामन्यांच्या त्या प्रसंगानंतर आमच्या नववीच्या मुलांनीं विज्ञानशिक्षकांच्या मदतीनें एक साधा प्रयोग केला. पांढऱ्या कापडाचे तीन सारखे चौकोन कापून, त्यांस तेलाचा पुसट हात लावून, ते तीन ठिकाणीं टांगले: एक रस्त्याकडील फाटकावर, दुसरा शेजारीं चाललेल्या बांधकामाच्या कुंपणभिंतीवर, आणि तिसरा आंतल्या अंगणांत बदामाच्या झाडाखालीं. आठ दिवसांनीं ते उतरविले. फाटकावरील कापड काजळीनें काळें व चिकट झालें होतें. बांधकामाकडील कापड राखाडी-पांढरें झालें होतें, आणि बोटानें चोळलें असतां खरखरत होतें. अंगणांतील कापड त्या दोहोंच्या मानानें स्वच्छ, परंतु पांढरें म्हणण्यासारखें तेंहि राहिलें नव्हतें. हा प्रयोग कांहीं शास्त्रीय संशोधन नव्हे. जे कण सर्वांत घातक, ते अशा कापडावर ओळखतां येत नाहींत. परंतु एक धडा मुलांना मिळाला, आणि तो मोठा आहे: सगळी घाण एका रंगाची नसते. ती कोठून आली, हें ती स्वतःच सांगते. मात्र तिला विचारणारा पाहिजे.

शास्त्रज्ञ हेंच विचारण्याचें काम सूक्ष्म साधनांनीं करतात. हवा गाळणकागदांतून ओढून, त्यावर जमलेले कण तोलून त्यांचें रासायनिक पृथक्करण केलें जातें. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम हीं अधिक आढळलीं तर ती माती व बांधकामाची धूळ. कोळशासारखा शुद्ध कार्बन अधिक असेल तर डिझेल-इंजिनाचा संशय. लांकूड जाळल्यानें तयार होणारी एक विशिष्ट शर्करा सांपडली तर भट्टी किंवा शेकोटी. निकेल व व्हॅनेडियम आढळले तर जड इंधनतेल. चोराच्या बोटांचे ठसे घेण्याचीच ही रीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०११ सालीं सहा भारतीय शहरांच्या अशा तपासाचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत मुंबई व पुणें हीं दोन्ही शहरें होतीं.

असा तपास न करतां घाईनें चोर पकडला म्हणजे काय होतें, याचें उत्तम उदाहरण मुंबईप्रमाणेंच समुद्रकांठीं वसलेल्या लॉस एंजेलिस शहराचें आहे. १९४३ सालच्या जुलै महिन्यांत त्या शहरावर असा झोंबरा पडदा उतरला कीं, लोकांचे डोळे गळूं लागले. महायुद्धाचा काळ, शत्रूनें विषारी वायु सोडला असावा, असेंहि कित्येकांना वाटलें. पुढें कृत्रिम रबराचा कच्चा माल करणाऱ्या एका कारखान्यावर आळ आला. कारखाना बंद करविला; पडदा मात्र येतच राहिला. खरा उलगडा पुढें सातआठ वर्षांनीं हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञानें केला. हे गृहस्थ अननसाच्या सुवासाचें रसायन शोधीत होते; त्यांनीं तीच विद्या शहराच्या हवेला लाविली, आणि दाखवून दिलें कीं, मोटारींच्या व तेलउद्योगाच्या धुरांतील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हा दाहक पदार्थ हवेंतच तयार होतो. प्रत्येक नागरिक स्वतःच्या गाडींत बसून शत्रूला शोधीत होता, असा त्याचा अर्थ! हें ऐकणें कोणासहि रुचणारें नव्हतें. तरीहि पुढें १९६८ सालीं कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष म्हणून त्याच शास्त्रज्ञाची योजना झाली. संशोधनाचा उपयोग तो हा. तें लोकमताच्या मागें जात नाहीं, लोकमताला पुढें नेतें.

आपल्या शहरांतहि असे डोळस लोक होऊन गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनीं लालबाग, चेंबूर व खार येथील रहिवासी, आणि तुलनेसाठीं एका खेड्यांतील लोक, मिळून चार हजारांहून अधिक माणसांची तपासणी हातीं घेतली. जेथें हवेंत गंधकाचा वायु अधिक, तेथें खोकला, दम लागणें व हृदयाचे विकार अधिक, असें त्यांना आढळून आलें. वास्तविक धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबईंत कायदा झाला होता तो १९१२ सालीं. परंतु कायद्याच्या पुस्तकांत नसलेली एक गोष्ट या डॉक्टरांनीं पुढें ठेविली, ती म्हणजे माणसाची छाती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, गिरणगांवचीं धुराडीं थंड झालीं. हवा सुधारावी म्हणून तीं थंड झालीं नाहींत. लाखों कामगारांच्या चुलीहि त्यांबरोबर विझल्या, हें विसरतां कामा नये. आणि त्याच जागीं आज गगनचुंबी इमारतींचें बांधकाम व मोटारींच्या रांगा आहेत. धुराचें घर बदललें, धूर गेला नाहीं.

आतां सांप्रत काळीं मोजण्याच्या साधनांची वाण नाहीं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें 'सफर' ही योजना २०१५ सालीं मुंबईंत आणली. मंडळांचीं यंत्रें निरनिराळ्या उपनगरांत उभीं आहेत. हवेचा निर्देशांक प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसतो. परंतु लेखकाची तक्रार येथेंच आहे. आपण तो आंकडा पंचांगांतील ग्रहणासारखा वाचतों. "आज हवा वाईट," असें म्हणून खिडकी लावून घेतों. ज्यांस परवडतें ते घरांत हवा शुद्ध करणारें यंत्र बसवितात. आंकडा ही बातमी नव्हे, तें आरोपपत्र आहे. आणि आरोपपत्र वाचून खिडकी लावणें हें कांहीं न्यायाचें काम नव्हे. ज्वर किती आहे हें पारा सांगतो, तो ज्वर उतरवीत नाहीं. रस्त्यावर टँकरनें पाणी मारण्याचा जो उपचार हिंवाळ्यांत चालतो, त्याविषयींहि असेंच म्हणावें लागेल. पाण्यानें धूळ तात्पुरती बसते, हें खरें. ऊन लागलें कीं ती पुनः उठते, आणि धुरांतील सूक्ष्म कणांना तर तें पाणी शिवतहि नाहीं. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखा हा उद्योग आहे. आधीं नळ बंद केला पाहिजे.

नळ बंद करतां येतो, हें मुंबईनेंच एकदां सिद्ध केलें आहे. चालू शतकाच्या आरंभीं उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळें जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी पेट्रोल-डिझेल सोडून नैसर्गिक वायूवर चालूं लागल्या. तेव्हांहि अशक्य म्हणणारे पुष्कळ होते. आज कोणत्याहि टॅक्सीवाल्यास विचारा, तो डिझेलकडे परत जावें असें म्हणणार नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत हवा फार बिघडली, तेव्हां उच्च न्यायालयानें स्वतःहून दखल घेतली, आणि महानगरपालिकेनें बांधकामांसाठीं नियम काढले: ७० मीटरहून उंच इमारतीभोंवतीं ३५ फूट उंच पत्रे, इमारतीस ओलें कापड, राडारोडा नेणाऱ्या गाड्यांवर झांकण, बाहेर पडतांना चाकें धुणें. नियम चांगले आहेत. आमच्या शाळेशेजारच्या बांधकामावर पत्रे लागले. परंतु झांकण नसलेल्या गाड्या चालूंच राहिल्या. नववीच्या मुलांनीं आपले तिन्ही कापडी चौकोन जोडून एक अर्ज लिहिला. पंधरा दिवस चाकें धुतलीं गेलीं, सोळाव्या दिवशीं पाण्याची नळी गुंडाळून ठेवलेली दिसली. मुलांनीं पुनः अर्ज लिहिला आहे. नियम करणें हें एका दिवसाचें काम. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणें रोजचें काम आहे, आणि आपण चुकतों तें या रोजच्या कामांत.

या विषयावर बोलूं लागलें कीं दोन आक्षेप हटकून ऐकूं येतात. पहिला असा कीं, धूर ही प्रगतीची किंमत आहे. शहर वाढवावयाचें तर थोडें सोसलें पाहिजे. या आक्षेपाचें उत्तर लंडन शहरानें फार महागांत विकत घेतलें. जॉन एव्हलिन नांवाच्या विद्वानानें १६६१ सालींच लंडनच्या कोळशाच्या धुराविरुद्ध निबंध लिहून राजास सादर केला होता. जवळ जवळ तीनशें वर्षें तो धूर वैभवाचें लक्षण मानला गेला. मग १९५२ सालीं डिसेंबरच्या ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत वारा पडला. घरोघरच्या शेगड्यांचा व कारखान्यांचा धूर थंड हवेंत कोंडला. माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. त्या काळच्या हिशोबानें सुमारें ४,००० माणसें दगावलीं. पुढील अभ्यासकांनीं ही संख्या १२,००० पर्यंत नेली आहे. तेव्हां कोठें १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. तो झाल्यानें लंडन दरिद्री झालें, असें कोणी ऐकलें आहे काय? वारा पांच दिवस पडला, तेवढ्यांत तीनशें वर्षांची समजूत खोटी ठरली. वाऱ्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक शहरानें हें स्मरणांत ठेवावें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याचा अनादर करूं नये. तो असा कीं, हवा सुधारण्याच्या नांवाखालीं गरिबाच्या पोटावर पाय येतो. २०२५ च्या जानेवारींत उच्च न्यायालयानें लांकूड-कोळशाच्या बेकरी-भट्ट्यांस सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर येण्यास सांगितलें. मुंबईचा कष्टकरी ज्या पावावर दिवस काढतो, तो पाव याच भट्ट्यांतून येतो. भट्टी बदलण्यास पैसा लागतो, आणि तो लहान बेकरीवाल्यापाशीं नसतो. म्हणून भट्टी तशीच धुमसत ठेवावी काय? तेंहि नव्हे, कारण त्या भट्टीपुढें आठ-दहा तास उभा राहणारा कामगारच तिचा धूर सर्वांआधीं गिळतो. येथेंहि लंडनचा कायदा मार्ग दाखवितो. त्यानें धुराच्या शेगड्यांना नुसती बंदी केली नाहीं. शेगडी बदलून घेण्यासाठीं गृहस्थांस सार्वजनिक पैशांतून मदत देण्याची तरतूद केली. शुद्ध हवेचा लाभ जर सर्वांना होणार, तर तिचा खर्चहि सर्वांनीं उचलावा, हा साधा न्याय आहे.

आणि हा आक्षेप घेणाऱ्यांनीं एकदां माहुलचें स्मरण करावें. शहरांतील निरनिराळ्या कामांसाठीं ज्यांच्या झोंपड्या हटविल्या, अशा हजारों लोकांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारीं, माहुल येथील इमारतींत वसविण्यांत आलें. घर पक्कें मिळालें, श्वास मात्र कच्चा झाला. अखेर २०१९ सालीं उच्च न्यायालयास सरकारला सांगावें लागलें कीं, या लोकांना अन्यत्र घर द्या, नाहीं तर भाड्यासाठीं दरमहा १५,००० रुपये द्या. २०१६ च्या जानेवारींत देवनारचा कचऱ्याचा डोंगर पेटला, तेव्हां त्याचा धूर अवकाशांतील उपग्रहांनीं टिपला. परंतु तो प्रथम शिरला तो त्या डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांच्या घरांत. हवा सर्वांची आहे असें आपण म्हणतों. धूर मात्र सर्वांना सारखा वांटला जात नाहीं. ज्याच्यापाशीं मोटार नाहीं, तो मोटारीच्या धुरांत उभा राहून बसची वाट पाहतो. म्हणून हवा शुद्ध करणें हा श्रीमंतांचा छंद नव्हे. गरिबांची ती पहिली गरज आहे.

एवढें सगळें करून कांहीं फळ मिळतें काय? मिळतें, आणि त्याचा पुरावा विद्यार्थ्यांच्याच छातींत सांपडला आहे. वर ज्या लॉस एंजेलिस शहराची हकीकत सांगितली, त्या दक्षिण कॅलिफोर्नियाच्या प्रदेशांत संशोधकांनीं १९९४ ते २०११ या काळांत मुलांचे तीन निरनिराळे गट घेऊन, ११ ते १५ या वयांत त्यांचीं फुप्फुसें कशीं वाढतात, हें वर्षानुवर्षें मोजलें. त्याच काळांत कायद्यांमुळें तेथील हवा सुधारत गेली होती. पहिल्या गटांत वयाच्या पंधराव्या वर्षीं ज्यांच्या फुप्फुसांची शक्ति फारच कमी आढळली अशीं मुलें शेंकडा ७.९ होतीं, दुसऱ्या गटांत शेंकडा ६.३, तिसऱ्यांत शेंकडा ३.६. मुलें त्याच गांवांतलीं, मैदानेंहि तींच. मधल्या काळांत हवा तेवढी बदलली होती. २०१५ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लेखकानें ते वर्गांत फळ्यावर लिहिले, तेव्हां पंप खिशांत ठेवून बसणाऱ्या त्या धांवपटूनें प्रश्न केला, "सर, मग आपली हवा सुधारली तर माझींहि वाढतील का?" त्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या डॉक्टरांपाशीं नाहीं. तें या शहरापाशीं आहे, आणि त्याच्या वाढीचीं वर्षें फार थोडीं उरलीं आहेत.

विद्यार्थिमित्रहो, सरकारनें, महानगरपालिकेनें, न्यायालयानें काय करावें हें सांगणें सोपें आहे. आपण काय करावें हें सांगितलें नाहीं तर हा लेख म्हणजे आणखी थोडा धूरच होईल. शाळा सुटतांना आपल्या फाटकापाशीं ज्या मोटारी इंजिन चालूं ठेवून उभ्या असतात, त्या आपल्याच घरच्या आहेत. आजच संध्याकाळीं वडिलांना इंजिन बंद करावयास सांगा. शाळेंतील पालापाचोळा पूर्वीं मागच्या बाजूस जाळीत असत; यंदापासून तो खड्ड्यांत कुजवून खत करण्याचें ठरलें आहे, त्या खड्ड्याची राखण करा. जेथें आगगाडीनें किंवा बसनें जातां येतें, तेथें मोटारीचा हट्ट धरूं नका. दररोज सकाळीं हवेचा आंकडा वहींत लिहा, त्यापुढें वाऱ्याची दिशा व त्या दिवशीं गैरहजर मुलांची संख्या लिहा. दोन-चार वर्षांत ती वही कोणत्याहि अधिकाऱ्यापुढें ठेवण्याजोगी होईल. आणि मोठे व्हाल तेव्हां, कोणी इंजिनियर व्हाल, कोणी बांधकामाचे ठेकेदार, कोणी नगरसेवक. त्या वेळीं आपल्या सहीच्या कागदाखालून किती धूर निघणार आहे, हें एकदां विचारून मग सही करा.

पुढील मार्गशीर्षांत लेखक सहावीचा नवा वर्ग घेऊन पुनः गच्चीवर जाणार आहे. टेकडी दिसेल कीं नाहीं, हें त्याला आज सांगतां येत नाहीं. परंतु ती न दिसल्यास, "धुकें पडलें आहे," असें मात्र तो पुनः सांगणार नाहीं.